मुलीच्या वतीनं ‘नको’ लिहून देता येईल का?

पत्र थोडक्यात (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत): इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या एका आईचं हे पत्र आहे. मुलगी २३ वर्षांची, तिला डाउन सिंड्रोम आहे. गेल्या वर्षापासून ती सपोर्टेड लिव्हिंगच्या (मदतनीसांच्या आधारानं स्वतंत्र राहण्याची सोय असलेल्या) घरात राहते आणि आठवड्यातून दोन दिवस एकटी बसनं कॅफेत कामाला जाते. नाटकाच्या ग्रुपमध्ये तिची २७ वर्षांच्या एका मुलाशी मैत्री झाली आहे. त्यालाही सौम्य बौद्धिक अक्षमता आहे. दोघं तिच्या खोलीत दार लावून बसतात, असं सपोर्ट वर्करनं कळवलं. त्यावर सोशल वर्करचा फोन आला, की शारीरिक संबंधांबाबत तिच्या निर्णयक्षमतेची तपासणी करावी लागेल. आई लिहितात, ‘तिची बुद्धी सात वर्षांच्या मुलीची आहे आणि ती कुणालाही हो म्हणते. तिचे पैसे सांभाळायला कोर्टानं मला डेप्युटी नेमलंय. मग मी तिच्या वतीनं नको असं लिहून दिलं तर हे थांबणार नाही का? हे म्हणतात, तिला घरी परत आणू. नणंद म्हणते, गावाकडचा एखादा समजूतदार मुलगा बघून लग्न लावून द्या, म्हणजे प्रश्नच मिटला. मला रात्र रात्र झोप लागत नाही.’

ताई,

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, मग बाकीचं बोलू. नाही, तिच्या वतीनं ‘नको’ असं तुम्हाला लिहून देता येणार नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये मेंटल कपॅसिटी ॲक्ट २००५ हा कायदा लागू आहे. त्याच्या २७व्या कलमात काही मोजके निर्णय वेगळे काढले आहेत, आणि शारीरिक संबंधांना संमती व लग्नाला संमती हे दोन्ही त्यात आहेत. हे निर्णय एखाद्या व्यक्तीसाठी दुसऱ्या कुणीही घ्यायचे नाहीत. आई-वडील, सोशल वर्कर, कोर्ट ऑफ प्रोटेक्शनचे (निर्णयक्षमता नसलेल्यांची प्रकरणं बघणाऱ्या न्यायालयाचे) न्यायाधीश, कुणालाही तो अधिकार नाही. तुमचं डेप्युटीपद पैशांपुरतं आहे, पण आरोग्य आणि कल्याणासाठीचं असतं तरी यात फरक पडला नसता.

हे वाचून पोटात गोळा आला असेल. पण याच कलमामुळे तिच्या वतीनं ‘हो’सुद्धा कुणाला म्हणता येत नाही. तिला हा निर्णय घेता येत नसेल, तर केअर देणारी संस्था, त्या मुलाच्या घरचे किंवा कुणी डॉक्टर ‘आमची हरकत नाही’ म्हणाले तरी त्याला काही अर्थ नाही. म्हणजे शेवटी सगळं तिच्यापाशीच येऊन थांबतं. तिला हे समजतं का? समजत नसेल तर कुठली मदत मिळाली की समजेल? तुमची शक्ती या दुसऱ्या प्रश्नावर लागावी असं मला मनापासून वाटतं.

‘तपासणी’ म्हटलं की बुद्ध्यांकाची परीक्षा डोळ्यांसमोर येते. ही तशी नसते. कायदा चार गोष्टी बघतो: या निर्णयाला लागणारी माहिती तिला समजते का, तेवढा वेळ लक्षात राहते का, ती वापरून तिला विचार करता येतो का, आणि आपला निर्णय कुठल्याही मार्गानं कळवता येतो का. सुरुवात मात्र ‘तिला क्षमता आहे’ इथूनच करायची असते. नाही म्हणायचं असेल तर ते दाखवून देण्याची जबाबदारी दुसऱ्यांवर. तुम्ही लिहिलंय की ती चार दिवसांत सगळं विसरते. माहिती थोडाच वेळ लक्षात राहिली म्हणून क्षमता नाही असं ठरवता येत नाही, हे कायद्यातच लिहिलेलं आहे.

कुठली माहिती समजायला हवी, हेसुद्धा बऱ्यापैकी ठरलेलं आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं ‘जेबी’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका पुरुषाच्या प्रकरणात निकाल दिला. त्याला ऑटिझम होता आणि मैत्रीण हवी होती. संबंध म्हणजे काय हे त्याला कळत होतं. समोरच्या बाईची संमती लागते, हे मात्र नीट उमगत नव्हतं. न्यायालय म्हणालं, की तेही समजायलाच हवं. त्यामुळे आता तपासणीत साधारण या गोष्टी बघतात: ही कृती नेमकी काय असते, समोरच्या व्यक्तीला संमती देता यायला हवी आणि तिनं ती खरोखर दिलेली हवी, सुरू होण्याआधी आणि चालू असतानाही, आपण स्वतः हो किंवा नाही म्हणू शकतो, स्त्री-पुरुष संबंधातून दिवस जाऊ शकतात, आणि आजार लागू शकतात, पण कंडोमनं तो धोका कमी होतो. संमतीचा मुद्दा तुमच्या लेकीच्या बाजूचा आहे हे लक्षात घ्या. त्या मुलाची तपासणी झाली तर त्यालाही हेच विचारतील, की तिनं नको म्हटलं तर तू काय करशील?

ही पायरी मुद्दाम फार उंच ठेवलेली नाही. २०१४ मध्ये अपील न्यायालयानं म्हटलं होतं, की पूर्ण क्षमता असलेली माणसं असा निर्णय घेताना जेवढा बारकाईनं विचार करत नाहीत, तेवढा विचार बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तीकडून अपेक्षित धरू नये. मला हे फार न्याय्य वाटतं. आपल्यापैकी कितीजणांनी फायदे-तोटे कागदावर मांडून प्रेम केलं?

आता तुमच्या पत्रातलं ‘सात वर्षांची’ हे वाक्य. शाळेत असताना कुठल्यातरी अहवालात हा आकडा आला असणार आणि तो घरात कायमचा राहिला. पण सात वर्षांचं मूल एकटं बस पकडून कामाला जात नाही. तुमच्या मुलीला गेली दहा-बारा वर्षं पाळी येते आहे, तिचं शरीर २३ वर्षांच्या बाईचं आहे, आणि एखादा मुलगा आवडणं ही २३ वर्षांच्या बाईला होणारी गोष्ट आहे. तिला हिशेब अवघड जातो, लांबलचक वाक्य समजत नाही, हे खरं. त्यावरून तिच्या सगळ्या भावना बालवाडीतल्या ठरत नाहीत. वय, दिसणं किंवा एखादं निदान यावरून अंदाज बांधून क्षमता नाही असं ठरवायला कायदाही मनाई करतो. आणि आकड्याचा खरा तोटा असा, की ‘सात वर्षांच्या’ मुलीला कुणी लैंगिकतेबद्दल काही शिकवत नाही. मग तिला माहीत नाही, म्हणून तिला कळत नाही, म्हणून तिला सांगायचं नाही, असं ते चालू राहतं.

‘ती कुणालाही हो म्हणते’ ही काळजी मात्र मी अजिबात हलक्यात घेत नाही. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे.

ती हो म्हणायला कशी शिकली ते आठवून पाहा. आपल्या घरांमध्ये अशी मुलं सगळ्यांची लाडकी असतात. पाहुणे आले की ‘काकांना मिठी मार, आत्याला पापी दे’ हे ठरलेलं. तिनं अंग चोरलं तर आपणच हसून तिला पुढे ढकलतो. आंघोळ, कपडे, डॉक्टर, थेरपिस्ट अशी किती माणसांनी तिला न विचारता हात लावलेला असतो. मुकाट्यानं ऐकलं की ‘शहाणी माझी’. वीस वर्षं हा धडा गिरवल्यावर ज्या एका ठिकाणी तिनं ठामपणे नको म्हणायला हवं, तिथं ते अचानक कुठून येणार? म्हणून सराव बिनधोक जागी सुरू करा. पुढच्या वेळी घरी आली की तुम्ही स्वतः विचारा, ‘मिठी मारू?’ ती नको म्हणाली तर ‘बरं’ म्हणा आणि खरंच मारू नका. रुसू नका, पुन्हा विचारू नका. नको म्हटल्यावर समोरचा थांबतो, आणि तरीही आपल्यावर प्रेम करतो, हे तिला तुमच्याकडून पुन्हा पुन्हा अनुभवायला मिळू दे. तिच्या बाबांनी, भावंडांनीही हेच करावं.

तपासणी करणाऱ्यांना हे सगळं आधी कळवा. तिचा कुठला ‘हो’ मनापासूनचा आणि कुठला समोरच्याला खूश करायचा, हे तुमच्याइतकं कुणालाच माहीत नाही. प्रश्न समजला नाही की ती खाली बघून हसते का? शेवटचा शब्द परत म्हणते का? थकली की सगळ्याला मान डोलावते का? ते लिहून द्या. हो-नाहीत उत्तर संपेल असे प्रश्न टाळून ‘मग काय होईल?’, ‘तू काय करशील?’ असं विचारावं, तोच मुद्दा दुसऱ्या दिवशी उलट बाजूनं विचारून पाहावा, चित्रं वापरावीत, आणि हे सकाळी, ती ताजी असताना व्हावं, अशी मागणी करा. सगळी शक्य ती मदत दिल्याशिवाय क्षमता नाही असं ठरवायचं नाही, हे या कायद्याच्या तत्त्वांमध्ये दुसऱ्याच क्रमांकावर आहे. शरीराच्या अवयवांना ती घरातले मराठी शब्द वापरत असेल तर तेही कळवा, नाहीतर शब्द ओळखीचा नाही म्हणून ती गप्प बसेल आणि तिला कळत नाही अशी नोंद होईल. त्या खोलीत तुम्ही स्वतः नसलेलं बरं. आईसमोर या विषयावर कुठली २३ वर्षांची मुलगी मोकळी बोलेल?

समजा, आत्ता क्षमता नाही असा निष्कर्ष निघाला. तिथं विषय संपत नाही. २०१७ मध्ये कोर्ट ऑफ प्रोटेक्शनसमोर डाउन सिंड्रोम असलेल्या एका विवाहित पुरुषाचं प्रकरण आलं होतं. त्याला संबंधांबाबत निर्णयक्षमता नाही असं ठरलं आणि कौन्सिलनं, म्हणजे स्थानिक प्रशासनानं, त्याच्या बायकोला संबंध थांबवायला सांगितलं. ती वेगळ्या खोलीत झोपू लागली. त्याला लैंगिक शिक्षण द्यावं, असं तज्ज्ञानं सुचवलेलं असूनही कौन्सिलनं ते देण्यात वर्षभर दिरंगाई केली. शेवटी शिक्षण मिळालं आणि त्याची क्षमता सिद्ध झाली. झाल्या प्रकाराबद्दल कौन्सिलला १०,००० पौंड भरपाई द्यावी लागली. मला यातून दोन गोष्टी दिसतात. ही क्षमता शिकवून वाढू शकते, आणि शिकवायला उशीर झाला तर त्याची झळ बसणारी माणसं खरी असतात. तेव्हा ‘क्षमता नाही’ असं उत्तर आलं तर लगेच पुढचा प्रश्न लेखी विचारा: शिकवणार कोण, कधीपासून, किती सत्रं, आणि पुन्हा तपासणी केव्हा?

दरम्यानच्या काळात मात्र सावध राहावं लागेल. मानसिक अक्षमतेमुळे नकार देऊ न शकणाऱ्या व्यक्तीशी, हे माहीत असताना किंवा माहीत असायला हवं असताना, संबंध ठेवणं हा सेक्शुअल ऑफेन्सेस ॲक्ट २००३ खाली गुन्हा आहे. म्हणजे तो मुलगाही अडचणीत येऊ शकतो. त्याच कायद्यानुसार केअर देणाऱ्या कर्मचाऱ्यानं मानसिक अक्षमता असलेल्या व्यक्तीशी लैंगिक वर्तन करणं गुन्हाच आहे, तिची संमती असो वा नसो. हे तिलाही साध्या शब्दांत माहीत असू द्या.

आणि क्षमता आहे असं ठरलं तर? तर हा निर्णय तिचा. तुम्हाला तो चुकीचा वाटला तरी तिचाच. निर्णय शहाणपणाचा नाही एवढ्यावरून क्षमता नाही असं म्हणता येत नाही. जबरदस्ती, धमकी, फसवणूक, पैशासाठी वापर असं काही दिसलं तर सेफगार्डिंगची (असुरक्षित व्यक्तीच्या संरक्षणासाठीची) तक्रार करण्याचा तुमचा मार्ग कायम उघडा आहे, आणि ती करायला कचरू नका. पण ‘मला तो मुलगा आवडत नाही’ ही सेफगार्डिंगची तक्रार होत नाही.

एक गोष्ट पालकांच्या फार गोंधळाची असते. प्रत्येक निर्णयाची क्षमता वेगळी बघतात. संबंध ठेवणं, अमुक एका माणसाला भेटणं, कुठं राहायचं, गर्भनिरोधक वापरणं, लग्न करणं, हे पाच वेगळे प्रश्न आहेत. संबंधांबाबतची क्षमता बहुतेक वेळा कुणा एका माणसाला धरून बघत नाहीत, पण भेटीगाठींचा विचार त्या विशिष्ट माणसाला धरून होतो. भेटण्याबाबत तिला क्षमता नाही असं ठरलं, तर तिच्या हिताचा निर्णय दुसऱ्यांना घेता येतो, आणि तिथं तुमचं म्हणणं विचारात घ्यावं लागतं. तुमचा शब्द खरा चालतो तो या जागी.

गर्भनिरोधक हा वैद्यकीय निर्णय आहे, म्हणून तोही वेगळा. डाउन सिंड्रोम असलेल्या बायकांना दिवस जाऊ शकतात, त्यामुळे ‘तिला काही होणार नाही’ या भरवशावर राहू नका. बौद्धिक अक्षमता असलेल्यांना वयाच्या १४व्या वर्षापासून जीपीकडे (फॅमिली डॉक्टरकडे) वर्षातून एकदा आरोग्य तपासणी मिळते. त्या भेटीत हा विषय काढायला सांगा आणि लर्निंग डिसॅबिलिटी नर्सची मदत मागा. कुणी ‘पिशवीच काढून टाका’ असं सुचवलं तर तो मार्ग नाही. वैद्यकीय गरज नसताना, संमती देऊ न शकणाऱ्या व्यक्तीची नसबंदी करायची तर प्रकरण कोर्टात जातं, आणि जायलाच हवं.

तिला घरी परत आणण्याबद्दल. यजमानांची भीती मला समजते. पण ती तिथं भाडेकरू म्हणून राहते, तिचं काम तिथं आहे, मैत्रिणी तिथं आहेत. कुठं राहायचं हा आधी तिचा निर्णय आहे. तेवढी क्षमता नसेल तरच तिच्या हिताचा विचार करून तो इतरांनी घ्यायचा, तोही तिच्या स्वातंत्र्यावर कमीत कमी बंधन येईल असा. तिला न विचारता सामान बांधून आणलंत तर ती तुमच्यापासून मनानं तुटेल. उद्या कुणी खरोखर त्रास दिला, तर ती तुम्हाला सांगेल का? ज्या मुलीला प्रेम केल्याबद्दल घरी आणून ठेवलं, ती पुढे काही सांगत नाही.

नणंदेचा सल्ला मात्र ऐकूच नका. हे मी जितक्या कळकळीनं लिहिता येईल तितक्या कळकळीनं लिहिते आहे. लग्नामुळे संमतीचा प्रश्न मिटत नाही. तोच प्रश्न चार भिंतींआड जातो आणि तिथं विचारणारं कुणी उरत नाही. २०१४ पासून इंग्लंड आणि वेल्समध्ये जबरदस्तीचं लग्न हा स्वतंत्र गुन्हा आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. ज्या व्यक्तीला लग्नाला संमती देण्याची क्षमता नाही, तिच्या बाबतीत तर जबरदस्ती झाली हे दाखवावंही लागत नाही. तिचं लग्न घडवून आणण्यासाठी केलेली कुठलीही कृती पुरते, आणि लग्न भारतात लावलं म्हणून सुटका होत नाही. २००८ मध्ये अपील न्यायालयात एका तरुणाचं प्रकरण गेलं होतं. त्याला ऑटिझम आणि तीव्र बौद्धिक अक्षमता होती, आणि घरच्यांनी बांगलादेशातल्या मुलीशी त्याचं लग्न फोनवरून लावलं होतं. न्यायालयानं ते लग्न मानलं नाही. तिथल्याही आई-वडिलांना आपल्यामागे मुलाची काळजी कोण घेईल, हीच चिंता असणार. ती चिंता तुमचीही आहे, हे पत्रात न लिहिताही कळतं. त्यासाठी मृत्युपत्र, ट्रस्ट, केअर प्लॅन यांवर वकिलाशी बोला. नवरा हा त्यावरचा इलाज नाही. आणि तिला स्वतःला कधी लग्न करायचं असेल, ते काय असतं हे समजत असेल, तर तो हक्क तिला आहेच.

इतर वाचकांसाठी दोन वाक्यं. डिमेन्शिया झालेल्या जोडीदाराबद्दल अशीच पत्रं येतात. इंग्लंड-वेल्समध्ये त्यांनाही हेच २७वं कलम लागू होतं. स्कॉटलंडचा कायदा मात्र वेगळा, २००० सालचा आहे, त्यामुळे तिकडच्यांनी वरची कलमं जशीच्या तशी धरू नयेत.

ताई, मुलीशी तुम्ही स्वतः अजून या विषयावर बोललेल्या नाहीत, असं पत्रावरून वाटतं. सोशल वर्कर, यजमान, नणंद सगळ्यांशी बोलणं झालं, तिच्याशी नाही. या रविवारी फोनवर तपासणीचा विषय काढू नका. त्याचं नाव घेऊन विचारा, तो कसा आहे, नाटकात काय करतो, त्याच्याबरोबर असताना तिला काय आवडतं आणि काय नाही आवडत. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट ऐका. जमलं तर त्या मुलाला एकदा चहाला बोलवा, यजमान घरी असतील तेव्हा.

सोशल वर्करला याच आठवड्यात ईमेल करा. तपासणी कोण करणार आणि त्यांना डाउन सिंड्रोमचा अनुभव आहे का. तिला आजवर लैंगिक शिक्षण मिळालंय का, नसेल तर तपासणीआधी ते देता येईल का. आणि तिला स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, तिचं म्हणणं मांडणारी व्यक्ती) मिळेल का, हे विचारा. ॲडव्होकेट मागायला संकोच करू नका. या बाबतीत तुमचं मत आणि तिचं मत वेगळं असू शकतं, तेव्हा तिची बाजू मांडायला तिचं असं एक माणूस हवं. शिकवण्याचं साहित्य आणि इतर पालकांची साथ हवी असेल तर मेनकॅप आणि डाउन्स सिंड्रोम असोसिएशन या दोन्ही संस्थांकडे चौकशी करा. ईमेलमध्ये तुमची भीतीही लिहा, पण ‘माझी परवानगी नाही’ हे वाक्य काढून टाका. त्याजागी ‘ती हो कधी आणि का म्हणते, याबद्दल मला सांगायचं आहे’ असं लिहा.